ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी तेल निवडताना

स्पेअर पार्टच्या दुकानात गिअर ऑइल मागितलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘नव्वद की एकशेचाळीस?’ आपण नव्वद म्हणतो, बादली घेऊन गॅरेज गाठतो आणि त्याच बादलीतून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) दोन्ही भरले जातात. ट्रक चालतो, म्हणून ही सवय टिकून आहे. नुकसान दिसायला बराच काळ जातो. मग एक दिवस दुसरा गिअर टाकताना घासायला लागतो आणि दोष ड्रायव्हरच्या पायावर किंवा क्लचवर येतो.

नव्वद हा आकडा तेल किती दाट आहे एवढंच सांगतो. त्या तेलात कोणती रसायनं आहेत आणि ती तुमच्या गिअरबॉक्सला मानवतात का, हे त्यावरून कळत नाही. खरी निवड तिथे असते. पुढची सगळी माहिती आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या टाटा, अशोक लेलँड, आयशर, भारतबेंझ, महिंद्रा यांच्या हाताने गिअर टाकायच्या मालवाहू गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

आधी गिअरबॉक्स कोणता आहे ते बघा

ट्रकचं मॉडेल सांगून तेल ठरत नाही. एकाच नावाच्या ट्रकमध्ये साल, इंजिन आणि एक्सलप्रमाणे वेगवेगळे गिअरबॉक्स आलेले असतात. टाटाच्या गाड्यांत त्यांचे स्वतःचे जी-मालिकेतले गिअरबॉक्स असतात, तसेच झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचेही असतात. अशोक लेलँडच्या मोठ्या गाड्यांत झेडएफचा ९एस-१११० भेटतो. भारतबेंझमध्ये सहा गिअरचा जी-८५ आणि नऊ गिअरचा जी-१३१ आहे. त्यात सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स बसवलेला असण्याचीही शक्यता धरा.

म्हणून गाडीखाली जा. गिअरबॉक्सच्या हाऊसिंगवर धातूची छोटी पट्टी असते. तिच्यावर वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेलकट मळ बसलेला असतो. तारेच्या ब्रशने घासून काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. झेडएफच्या पट्टीवर मॉडेल आणि क्रमांकासोबत तेल किती लिटर लागतं आणि तेलांची कोणती यादी बघायची (ट्रक-बसच्या या गिअरबॉक्सना बहुधा ‘टीई-एमएल ०२’) हेही कोरलेलं असतं. इतकी सोय असूनही ती पट्टी फारच थोडे लोक वाचतात.

त्यानंतर गाडीचं मॅन्युअल काढा. हरवलं असेल तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, ते त्यांच्याकडच्या तक्त्यातून सांगू शकतात. मॅन्युअलमधल्या तेलांच्या तक्त्यात गिअरबॉक्सच्या ओळीतून चार गोष्टी उतरवून घ्या: दाटपणाचा आकडा, एपीआयचा वर्ग (जीएल-४ किंवा जीएल-५ असा; तो काय ते पुढे येतं), कंपनीचा मान्यता क्रमांक आणि लिटर. डिफरन्शियलची ओळ बहुधा लगेच खाली असते आणि तिच्यातला वर्ग वेगळा असतो. तो फरक नीट बघून घ्या, कारण घोळ तिथेच होतो.

जीएल-४ आणि जीएल-५: पाच म्हणजे चारापेक्षा चांगलं, असं नाही

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, गिअर ऑइलचं काम कोणतं त्याप्रमाणे वर्ग पाडते; जीएल-४ आणि जीएल-५ हे त्यातलेच दोन. इंजिन ऑइलमध्ये नवा वर्ग जुन्याच्या जागी बहुधा वापरता येतो, त्यामुळे इथेही मोठा आकडा म्हणजे चढती पायरी असा समज झाला आहे. गिअर ऑइलमध्ये चार आणि पाच ही दोन वेगवेगळ्या कामांची तेलं आहेत.

डिफरन्शियलमधल्या हायपॉइड क्राऊन-पिनियनचा (मोठं क्राऊन चाक आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन) विचार करा. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. भरलेला ट्रक कसारा घाट चढत असताना त्या दातांमध्ये तेलाचा थर टिकत नाही. तिथे जीएल-५ मधली गंधक आणि फॉस्फरसची रसायनं कामाला येतात. उष्णता आणि दाब वाढला की ती लोखंडाशी संयोग पावून दातावर एक पातळ थर धरतात आणि लोखंडाला लोखंड चिकटू देत नाहीत. बाटलीवरचं ‘ईपी’ (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे अतिदाब) याचसाठी लिहिलेलं असतं. जीएल-४ मध्येही ही रसायनं असतात, पण ढोबळमानाने जीएल-५ च्या निम्मी.

गिअरबॉक्समधले दात तिरपे असले तरी त्यांचे अक्ष समांतर असतात. त्यांच्यात तसली सरकती घसट नसते, त्यामुळे एवढ्या तीव्र रसायनाची गरजही नसते. उलट तिथे पितळ असतं. गिअर टाकताना दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या भागांना एका वेगावर आणणाऱ्या सिंक्रो रिंगा बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पितळेच्या असतात. पितळेत तांबं असतं आणि गंधक तांब्याला लागतं. घरातली चांदी कपाटात ठेवूनही काळी पडते, तीही हवेतल्या गंधकामुळेच. इथे तर तेलात मुद्दाम घातलेलं गंधक आहे आणि तेल तापलेलं आहे. रिंगेचा पृष्ठभाग काळवंडतो, मऊ पडतो आणि प्रत्येक शिफ्टमध्ये थोडा थोडा निघून जातो.

दुसरा तोटा घर्षणाचा आहे, आणि तो लवकर जाणवतो. सिंक्रो रिंग काम करते ती घर्षणावर. तिने समोरच्या शंकूला क्षणभर घट्ट धरलं तरच वेग जुळतात. तेल गरजेपेक्षा जास्त निसरडं असेल तर पकड उशिरा येते, ड्रायव्हर तोवर थांबत नाही आणि गिअर ‘कर्रर’ करून बसतो. रोज शंभरदा असं झालं की रिंग जाते.

याचा अर्थ जीएल-५ प्रत्येक गिअरबॉक्सला घातक, असाही नाही. आजची काही जीएल-५ तेलं तांब्याला बरीच सौम्य असतात, आणि काही गिअरबॉक्सच्या सिंक्रोमध्ये मॉलिब्डेनम किंवा कार्बनचा थर असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्टपणे जीएल-५ लिहिलं असेल तर तेच भरा. तिथे जीएल-४ लिहिलं असताना ‘वरचं आहे ना’ म्हणून जीएल-५ भरणं मात्र चूक आहे. उलटी चूक त्याहून वाईट: हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ भरलं तर क्राऊन-पिनियन खराब व्हायला फार काळ लागत नाही.

सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सचं, म्हणजे जिथे डबल क्लच मारून गिअर टाकावा लागतो त्यांचं, गणित वेगळं. अशा जड वाहनांच्या गिअरबॉक्ससाठी एपीआयचा ‘एमटी-१’ हा वर्ग आहे. उष्णतेत तेल टिकावं आणि सील खराब होऊ नयेत यावर त्याचा भर असतो. इटन-फुलरच्या अशा गिअरबॉक्सना तर कंपनी ५० ग्रेडचं सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) तेल सांगते आणि नेहमीचं ईपी गिअर ऑइल टाळायला सुचवते.

दाटपणाचे आकडे कसे वाचायचे

‘८०डब्ल्यू-९०’ मधला पहिला आकडा थंडीतला आणि दुसरा तापलेल्या तेलाचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत लवकर वाहतं: ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत ठरावीक मर्यादेपेक्षा दाट होत नाही. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. नव्वदचं तेल तिथे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) भरतं, एकशेचाळीसचं २४ ते ३२.५.

हे आकडे इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवर बसत नाहीत. गिअर ऑइलमधलं ९० आणि इंजिन ऑइलमधलं ४० किंवा ५० हे तापल्यावर जवळजवळ सारखेच दाट असतात. त्यामुळे एखाद्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये ५० ग्रेड वाचून ‘हे फारच पातळ’ असं ठरवू नका.

महाराष्ट्रात फिरणाऱ्या गाडीला थंडीचा प्रश्न फारसा येत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तापमान पंचेचाळिशी ओलांडतं, कोळसा भरलेली गाडी दिवसभर खालच्या गिअरमध्ये राबते, आणि मग १४० घालायचा मोह होतो. मॅन्युअलमध्ये जास्त तापमानासाठी तो पर्याय दिला असेल तरच घाला. नाहीतर तोटे बरेच आहेत. दाट तेल घुसळायला इंजिनाची ताकद जाते आणि ती उष्णता बनून तेलातच राहते. सकाळी पहिले काही किलोमीटर गिअर जड जातात, कारण दाट थर पिळून काढेपर्यंत सिंक्रोला पकड येत नाही. लहान बेअरिंगांपर्यंत तेल पोचायलाही वेळ लागतो. हिवाळ्यात काश्मीरला सफरचंदासाठी जाणाऱ्या गाडीत ७५डब्ल्यू असलेलं तेल कंपनीच्या यादीत असेल तर ते घेणं शहाणपणाचं आहे.

एक इशारा सेकंडहँड ट्रक घेणाऱ्यांसाठी. झिजलेल्या गिअरबॉक्सचा आवाज दाट तेलाने काही काळ दबतो. विकायच्या आधी १४० भरून गाडी उभी केली जाते. सौदा ठरण्याआधी फिलर प्लग उघडून बोटावर तेल घेऊन बघा; हवामान गरम असूनही ते मधासारखं संथ ओघळत असेल तर गिअरबॉक्स मिस्त्रीकडून नीट तपासून घ्या.

नव्या गिअरबॉक्सना कंपन्या ७५डब्ल्यू-८० सारखी पातळ सिंथेटिक तेलं सांगू लागल्या आहेत. ती डिझेल वाचवण्यासाठी आहेत आणि बेअरिंग, दात, सील त्याच हिशोबाने बनवलेले असतात. अशा ठिकाणी मिस्त्री ‘पातळ आहे, नव्वद टाकू’ म्हणाला तर ऐकू नका.

बाटलीवर काय शोधायचं

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. इंजिन ऑइलवर एपीआयचं गोल चिन्ह परवान्याने मिळतं. गिअर ऑइलसाठी असा परवाना नाही. बाटलीवरचं ‘जीएल-४’ म्हणजे तेल बनवणाऱ्या कंपनीने स्वतः केलेला दावा. शिवाय जीएल-४ च्या मूळ चाचण्यांची यंत्रंही आता उपलब्ध नाहीत. नामांकित कंपनीचा दावा बहुधा खरा असतो, पण त्याहून भक्कम आधार गिअरबॉक्स बनवणाऱ्याच्या मान्यतेचा आहे, कारण त्यांनी ते तेल आपल्या गिअरबॉक्समध्ये आणि आपल्या सिंक्रोवर तपासलेलं असतं.

त्यामुळे लेबलच्या मागच्या बाजूला हे क्रमांक शोधा. झेडएफसाठी टीई-एमएल ०२, पुढे त्यांचं एखादं अक्षर. मर्सिडीज घराण्याच्या गिअरबॉक्ससाठी २३५ ने सुरू होणारे एमबी क्रमांक: २३५.१ गिअरबॉक्सचा, तर २३५.० डिफरन्शियलचा. एका अंकाने अवयवच बदलतो. मॅन कंपनीच्या गाड्यांत ३४१ गिअरबॉक्सचा आणि ३४२ एक्सलचा. व्होल्वोसाठी ९७३०५ किंवा ९७३०७. टाटा-लेलँडच्या बाबतीत मॅन्युअलमध्ये दिलेली तेलाची नावं किंवा कंपनीचं स्वतःचं जेन्युइन ऑइल हा सरळ मार्ग आहे.

शब्दांकडेही लक्ष द्या. ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘गरजा पूर्ण करते’ यात फरक आहे. पहिल्यात गिअरबॉक्स कंपनीने होकार दिलेला असतो, दुसऱ्यात तेलवाला आपल्याच जबाबदारीवर बोलतो. वॉरंटीतल्या गाडीला पहिल्याच प्रकारचं तेल घ्या. ‘जीएल-४ प्लस’ असा एपीआयचा वर्ग नाही. आणि ‘जीएल-४/जीएल-५’ असं दुहेरी लेबल असलेल्या तेलात ईपी रसायनं पाचाच्या प्रमाणातच असणार. तुमच्या गिअरबॉक्सची मान्यता त्यावर लिहिलेली नसेल तर ते गिअरबॉक्ससाठी घेऊ नका.

शंका राहिली तर तेल कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या तेलाचा तांत्रिक तक्ता उतरवा. त्यात तांब्याच्या पट्टीची चाचणी असते, एएसटीएम डी-१३०. पॉलिश केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात, गिअर ऑइलसाठी बहुधा १२१ अंशांना तीन तास, बुडवून ठेवतात आणि किती काळवंडली त्याला १ ते ४ असा दर्जा देतात. पितळी सिंक्रोसाठी १ लिहिलेलं तेल बघून घ्या.

मिनरल की सिंथेटिक

माझं मत असं: गाडी लांब पल्ल्याची असेल, महिनोन्महिने महामार्गावर असेल आणि कंपनीच्या तक्त्यात सिंथेटिकला जास्त किलोमीटरची मुदत दिली असेल, तर सिंथेटिक महाग वाटलं तरी परवडतं. तेल बदलायला गाडी उभी राहते, त्या दिवसाचं भाडंही हिशोबात धरा. खाणीत, वाळूवर किंवा बांधकामावर राबणाऱ्या टिपरला मी मिनरल (कच्च्या खनिज तेलापासून काढलेलं) तेल लवकर लवकर बदलणं जास्त पसंत करेन. तिथे तेल जुनं होण्याआधी धूळ, पाणी आणि धातूचा कीस त्यात जातो, आणि तो बाहेर काढायला तेल बदलणं हाच उपाय आहे. टिपरचा पीटीओ (हौदा उचलायच्या पंपाला ताकद देणारा जोड) गिअरबॉक्सवरच बसलेला असेल तर त्याच्यामुळे तेलाचं माप थोडं वाढतं, तेही विचारून घ्या.

मुदत मॅन्युअलमधलीच पाळा, पण त्यात ‘कठीण वापर’ असा वेगळा रकाना असतो. सतत घाट, जादा भार, खाण, शहरातलं वारंवार थांबणं यापैकी काही तुमच्या गाडीला लागू होत असेल तर तो रकाना तुमचा. तेलाचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं खराब होणं साधारण दुपटीने वाढतं, हा जुना ठोकताळा लक्षात ठेवा.

बदलायच्या आधी दोष तेलाचाच आहे ना, हे बघा

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू असताना अडतात, असं असेल तर आधी क्लच तपासा. तो पूर्ण सुटत नसेल तर कोणतंही तेल उपयोगी पडणार नाही. गिअर चालत्या गाडीत आपोआप सुटत असेल तर फोर्क (गिअर सरकवणारा काटा), डॉग क्लच (गिअर शाफ्टशी अडकवणारे दात) किंवा बेअरिंगकडे बघावं लागेल. झिजलेली रिंग तेलाने भरून येत नाही, आणि ती भरून काढतो म्हणणाऱ्या पुड्या-बाटल्या गिअरबॉक्समध्ये घालू नका.

प्रत्यक्ष बदलताना

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा म्हणजे तेल गरम आणि कीस तरंगता असेल. सपाट जागेवर उभी करा, चाकांना अडसर लावा. मग पहिल्यांदा वरचा, भरायचा प्लग सैल करा. तो गंजून बसला असेल आणि खालचं तेल आधीच सोडून दिलं असेल तर गाडी जागेवर अडकते. तो उघडला की खालचा ड्रेन प्लग काढा आणि शेवटचा थेंब येईपर्यंत थांबा.

निघालेलं तेल वाचा. चुंबकी प्लगवर करड्या लोण्यासारखा बारीक कीस असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे तुकडे, दाताचे कण, पितळी चमक जास्त असेल तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली आहे. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय; पावसाळ्यात ओढ्यातून गेलेल्या गाडीत हे होतं, आणि बहुधा ब्रीदर (गिअरबॉक्सच्या आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) तुंबलेला किंवा तुटलेला असतो. ब्रीदर साफ केल्याशिवाय नवं तेल भरू नका. तो तुंबला की आत दाब वाढून नवे सीलही गळतात.

रॉकेल किंवा डिझेल घालून आतून धुण्याची पद्धत सोडा. कोपऱ्यांत राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. जीएल-५ वरून जीएल-४ वर यायचं असेल तर गरम तेल पूर्ण काढा, नवं भरा आणि पुढची बदली नेहमीपेक्षा लवकर करा, एवढं पुरतं.

प्लगचा वॉशर नवा लावा, हातपंपाने तेल भरा आणि भरायच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ते बाहेर येऊ लागलं की थांबा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा. लिटर मॅन्युअलशी जुळतात का तेही मोजा. फार कमी बसलं तर आत जुनं तेल राहिलंय किंवा गाडी तिरकी आहे. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून वर भरू नका. जास्त तेल घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून किंवा पुढच्या सीलमधून निघतं आणि क्लच प्लेटपर्यंत जाऊ शकतं.

नव्या तेलावर पहिली खेप झाल्यावर पातळी आणि दोन्ही प्लग पुन्हा तपासा. तेलाचं पूर्ण नाव, तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहा, आणि फिलर प्लगशेजारी ऑइल पेंटने ‘जीएल-४’ किंवा जो वर्ग लागतो तो रंगवा, म्हणजे परगावच्या गॅरेजमध्येही चुकीचं तेल वरून ओतलं जाणार नाही. गॅरेज तुमचंच असेल तर जीएल-४ आणि जीएल-५ साठी वेगळ्या रंगाचे पंप ठेवा.

गाडी रस्त्यात बंद पडली आणि टोइंग करायची वेळ आली, तर मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढू नका. प्रोपेलर शाफ्ट सोडवा किंवा एक्सल शाफ्ट काढा. इंजिन बंद असताना बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तेल उडवणारा खालचा शाफ्ट फिरत नाही. वरचा मेन शाफ्ट मात्र चाकांमुळे फिरत राहतो आणि उत्तम तेल भरलेलं असूनही कोरडा जळतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांच्या गिअरबॉक्सचंही हेच होतं. ब्रेकचा धोका आहे तो वेगळाच.

काढलेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या. रिकामी बादली भंगारात देण्याआधी तिला भोक पाडा आणि लेबल फाडा. चांगल्या स्थितीतल्या बादल्या बनावट तेल भरणाऱ्यांना हव्याच असतात.